पाटावरचे दोन गुरु

मी पाट बोलतोय. सागवानी, चारी कोपऱ्यांत पितळी फुलं असलेला. विठ्ठलवाडीच्या वखारीत मला घडवलं ते चित्राबाईंच्या लग्नासाठी. कोपरच्या या घरात जेवायला मी, औक्षणाला मी. मग डायनिंग टेबल आलं आणि माझी रवानगी झाली माळ्यावर. वर्षानुवर्षं धूळ खाल्लीय मी.

खाली काढलं ते रवींद्र मास्तरांनी, चित्राबाईंच्या यजमानांनी. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, आणि निवृत्तीनंतर या माणसाला वेड लागलं कशाचं, तर प्राचीन ग्रीक कवितेच्या वृत्तांचं! मला मांडीवर घ्यायचे, वर पुस्तक ठेवायचे आणि माझ्याच अंगावर ओळी वाजवायचे. गुरु अक्षराला पंजा टेकवून ठेवायचा, लघूला बोटाने नुसतं टक.

सुरुवातीला जाम चिडायचे. शार्दूलविक्रीडितासारखी अक्षरं मोजत बसायचे आणि एका ओळीत सतरा निघाली की दुसरीत चौदा. या लोकांना मोजता येत नव्हतं की काय, असं चित्राबाईंनाच विचारायचे. त्या मेथी निवडत म्हणायच्या, त्यांचं मला ठाऊक नाही, तुम्ही दूध आणायला विसरलात एवढं खरं. मग एकदाचा उजेड पडला. अक्षरं नाहीत, मात्रा मोजायच्या! गुरु लघु लघु, म्हणजे आपला भगण. पण दोन लघूंच्या जागी एक गुरुही चालतो. असे सहा गण, आणि ओळ संपते ती गुरु गुरु अशी.

त्या संध्याकाळी चित्राबाई आत गेल्यावर मास्तरांनी माझ्यावर दोनदा पंजा टेकवला आणि पुटपुटले, "चित्रा. गुरु गुरु. जोडाक्षरामुळे चिसुद्धा गुरु! सगळ्या ओळी तुझ्यापाशीच येऊन थांबतात गं." तोंडावर म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. हाक मारायची ती जन्मभर 'अगं' म्हणूनच.

मग अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डाव्या हाताखाली मला ठेवलं. दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलं, एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. पाणी हवं? पंखा वाढवू? बरं चाललं होतं.

एका दुपारी चित्राबाई उशी सारखी करून तिथेच बसल्या. "अहो, मी जवळ बसलेली बरी वाटते ना तुम्हाला?"

मास्तरांनी पंजा टेकवला. उचलला. पुन्हा टेकवला. सावकाश, अगदी जीव ओतून. बायकोला नावाने हाक मारली हो त्यांनी! मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला कुठलं तोंड?

चित्राबाईंनी दोन मोजले. उठल्या आणि रडणं ऐकू येऊ नये म्हणून स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडला. मास्तर हाका मारतच राहिले. जितक्या हाका, तितकं तिकडे 'नाही, नाही' ऐकू जात होतं. त्यानंतर त्या भरवायच्या, अंग पुसायच्या, सगळं करायच्या. जवळ मात्र बसल्या नाहीत. मास्तर तसेच गेले.

आता मी भिंतीला टेकून उभा असतो. परवा मानपाड्याहून त्यांची लेक रसिका आली होती. चित्राबाई तिला म्हणाल्या, "इतका संसार केला गं, पण शेवटी त्यांना मी जवळ नको होते." पोरीने आईला जवळ घेतलं. तिला तरी काय ठाऊक? फुटलंय माझं काळीज, सागवानी असलं म्हणून काय झालं.

तुम्ही शाळेत लघु-गुरु घोकले असतील. कधी कोपरला आलात तर चित्राबाईंचं दार वाजवा. त्यांना एवढंच सांगा, बाई, ते 'नाही' नव्हतं. ते तुमचं नाव होतं.