धुरपताबाईचे पंचेचाळीस दिवस

मी एक जुना सागाचा खांब आहे. मित्रांनो, एकोडीकडच्या एका तलावात मी कमरेइतक्या पाण्यात उभा आहे. आपल्या जिल्ह्याचे दोन भाग झाले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला इथे रोवले. एका पेंटरने माझ्या अंगावर पांढरा रंग दिला आणि काळे आकडे काढले. पायाशी एक, डोक्याशी बारा. तलावात किती फूट पाणी आहे ते दाखवायचे, एवढेच माझे काम. बाकी वेळ मी पाण्यातून जाणारे ढग बघतो. माझ्या पायाशी दुसरा एक खांब उलटा उभा असतो. वारा पडला की आमच्यातला खरा कोण, हे मलाही कळत नाही.

तलावाची चौकीदार होती धुरपताबाई. नवरा नोकरीत असताना वारला, म्हणून त्याच्या जागी तिला घेतले. तिला अक्षर येत नव्हते. आकडे ती माझ्याच अंगावरून शिकली. रोज सकाळी ती पाण्यात उतरे, पोहत माझ्याजवळ येई, मला धरून धानाच्या तणसाने माझे शेवाळ घाशी, बोट ठेवून आकडा वाची आणि मग चौकीत जाऊन वहीत लिही. जुने साहेब म्हणत, "या तलावाचा खांब दुरून वाचता येतो." ते ऐकून मी अजून ताठ उभा राही.

मग नवे साहेब आले. ते जीपमधून उतरत नसत. तीन सकाळी त्यांना चौकीला कुलूप दिसले. धुरपताबाई तेव्हा माझ्याजवळ पाण्यात होती, पण मध्ये बेशरमाची झुडपे होती; ती कामावर नाही असे साहेबांनी धरले. मी सगळे पाहिले. सांगणार कसा?

मोहफुले पडू लागली होती. पोस्टमन खेमराज तलावाच्या बांधावर, पाळीवर आला. "धुरपताबाई, रजिस्टरी आहे. सही करा."

शकुनबाई काठावर जाळे धूत होती. ती म्हणाली, "नोको घेऊ वो बाई. जीपचा ड्रायव्हर सांगे, तुले कामावरून काढलं. कागद घेतलाच नाई, तं लागू कसा होईन?"

आमच्याकडे बऱ्याच जणांचा असाच समज आहे. धुरपताबाईने पुढे केलेला हात मागे घेतला. "ने वापस."

"पाहा बा," खेमराज म्हणाला. "मंग मले म्हणू नोका."

चौकीची किल्ली तिच्याकडून काढून घेतली. तरी ती रोज येऊन पाळीवर बसे. कोणी विचारले तर म्हणे, "हुकूम मी घेतलाच नाई. मी नोकरीतच आहो."

एक दिवस पुंडलिकराव गळ टाकायला आले. ते कचेरीतून निवृत्त झालेले बाबू. तिचे ऐकून त्यांनी गळ बाजूला ठेवला.

"लिफाफा कधी आला होता?"

"तारीख नाई ध्यानात, बाबूजी. पाणी सात फूट दोन इंच होतं."

पुंडलिकराव हसले. "अपिलात इंच नाई चालत, बाई." त्यांनी खेमराजला बोलावून त्याच्या वहीतली तारीख पाहिली आणि त्यांचे हसू थांबले. "अडतीस दिवस झाले. घ्यायले नकार दिला असा शेरा पडला, म्हणजे हुकूम तुमाले भेटलाच. अपील पंचेचाळीस दिवसांत करा लागते."

"मंग गेली माझी नोकरी?"

"सात दिवस आहेत ना. उद्या कचेरीत जाऊन हुकमाची नक्कल मागा. तुमाले आरोपपत्र देल्लं होतं? चौकशीत बोलावलं होतं?"

"कोणीच काई इचारलं नाई."

"तेच लिहू. चौकशी न करता सरकारी माणसाले असं काढता येत नाई. वरच्या साहेबानं नाई ऐकलं, तं नागपूरले ट्रिब्युनल आहे, सरकारी नोकरीवाल्यायचं कोर्ट."

त्रेचाळिसाव्या दिवशी अपील गेले. सहा महिने उत्तर आले नाही, मग ती नागपूरला गेली. पुढचे मला पाळीवरच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्याने कळले. दोन पावसाळे मी शेवाळात झाकलो गेलो. आकडे हिरवे झाले, मग दिसेनासे झाले. त्या दिवसांत मला स्वप्न पडे, की उलटा खांबच खरा आहे आणि त्याला कोणीतरी पाण्याखालून घासत आहे.

एका सकाळी खरोखर घासल्याचा आवाज आला. धुरपताबाई होती. शकुनबाईने काठावरून विचारले, "जिंकली म्हणते ना? मंग तोंड काहून असं?"

"नोकरी भेटली वो. पण आंबागडाकडल्या तलावावर. उद्या हजर व्हा लागते."

"इतक्या दूर?"

"तिथं बी खांब असनच." मग माझ्यावर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "याले कोण पाहीन?"

शेवटचा आकडा उजळेपर्यंत ती पाण्यातच होती.

मित्रांनो, सरकारी कागद दारी आला तर त्याला घाबरून परत पाठवू नका. सही करा, तारीख लिहा, जाणत्याला दाखवा. दाद मागायचे दार उघडे असते, पण ते दिवस मोजून उघडे असते. आणि कधी या पाळीवरून गेलात तर खाली उतरा. आज पाणी सहा फूट एक इंच आहे. कोणी लिहून घेतलेले नाही.