कमळची वेणी

२०१९ सालची ही गोष्ट. मार्गशीर्ष लागला होता आणि करोना हा शब्द अजून कुणाच्या कानावर आला नव्हता. राधा मालाडहून रिक्षाने खारदांड्याला उतरली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. कडेवर लाल फडक्याने तोंड बांधलेलं मडकं होतं आणि खांद्याच्या पिशवीत पत्र्याचा जुना डबा. मडक्यात कमळताईच्या अस्थी होत्या.

लोक कमळताईला सिनेमातली अपूर्वा म्हणून ओळखत. मार खाण्याचे प्रसंग तिच्याइतके खरे त्या काळी कुणी करत नसे. नवऱ्याचा पट्टा असो नाहीतर सावकाराची लाथ, सीन पहिल्याच टेकला ओके व्हायचा. "या बाईला ग्लिसरीन लागत नाही," असं डायरेक्टर कौतुकाने सांगत. तिचे केस बांधणाऱ्या राधेला त्यामागचं कारण ठाऊक होतं. उजव्या कानामागे चार बोटं लांबीचा वण होता, त्यावर कधी केस उगवला नाही.

१९६१ साली कमळ सतरा वर्षांची होती. ती अंधेरीच्या स्टुडिओत घोळक्यात नाचायला जाते हे तिच्या भावाला, हरेश्वरला, कळलं. त्याने वल्ह्याने तिच्या दोन बरगड्या मोडल्या. मग उंबऱ्यावर तिची मान दाबून मासळीच्या कोयत्याने तिची वेणी उतरवली. पातं उजव्या कानामागे रुतलं. ती रक्ताने भिजलेल्या लुगड्यानिशी पळाली, ती परत आली नाही.

समुद्रात गेलेल्या माणसाचा देह मिळाला नाही, की त्या घरात गवताचा पुतळा करून, त्याच्या अंगावरचं काहीतरी आत घालून जाळत. हरेश्वरने जिवंत बहिणीचा पुतळा केला. आत वेणी घालायला आईला सांगितलं आणि स्वतः अग्नी दिला. एकदा पुतळा जळाला की माणूस परत आला तरी त्याला घर नाही आणि घरची होडीही नाही.

आणि मरताना पार्ल्याच्या फ्लॅटमध्ये कमळताईने राधेचं मनगट धरून नेमकी तीच होडी मागितली होती. "मला आमच्या होडीतून सोड. दुसऱ्या कुणाच्या नाय. शब्द दे." राधेने शब्द दिला होता.

हरेश्वर आता ऐंशीचा होता, पण मनगट अजून खलाशाचं. तो अंगणात बसला होता. त्याचा नातू निमेश बाजूला कोयत्याने दोर तोडत होता. होडी आता तोच चालवी.

"कोन गो तू?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मी राधा. कमळताईचे केस बांधायची. तिला घेऊन आलेय."

"कमळ मेली एकसष्टला. मीच जाळली. एका मानसाला दोनदा सोडीत नाय आमच्यात. चालती हो."

"ऐकून तर घ्या, भाऊ."

त्याने काठी उचलली. पहिला फटका मडक्यावर नेम धरून आला. राधेने हात मध्ये घातला आणि मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. तिने मडकं छातीशी धरलं आणि गुडघ्यांवर बसली. दुसरा फटका पाठीत बसला. तिसरा मानेवर.

"आज्या, काय करतोस! मरेल ना ती बाई!" निमेश धावला.

म्हाताऱ्याने काठी टाकून त्याच्या हातातला कोयता हिसकला. झटापटीत पातं निमेशच्या दंडावरून गेलं. रक्त मडक्यावरच्या फडक्यावर उडालं. शेजारच्या बायका दारात आल्या, पण पुढे कुणी येईना. हरेश्वरच्या हातातल्या कोयत्यापुढे तो कोळीवाडा साठ वर्षं असाच दारात उभा राहत आला होता.

राधेने दातांनी डब्याचं झाकण उघडलं. आतून काळीभोर वेणी बाहेर काढून तिने त्याच्यापुढे टाकली.

"तीस वर्षं हिचंच गंगावन मी तिच्या डोक्याला लावलंय. सदुसष्टमध्ये तुमची आई पाटीत सुरमईखाली लपवून स्टुडिओत घेऊन आली. पुतळ्यात तिने काळं जाळं वेणीसारखं वळून घातलं होतं."

"खोटं!"

"मग सांगा. केस जळले की गावभर घाण सुटते. त्या दिवशी वास आला होता तुम्हाला?"

म्हाताऱ्याने वेणी उचलून तिचं तिरकं कापलेलं टोक अंगठ्याने चाचपलं. असा तिरका वार दांड्यात फक्त त्याच्या डावऱ्या हाताचा असायचा. मग तो एकदम ओरडला, "तवा राहिली ना? आता जाळतो!" आणि अंगणातल्या पेटत्या चुलीकडे वळला.

"जाळा," राधा म्हणाली. तोंडात रक्त आलं होतं, ते तिने थुंकलं. "परवाच गेलीय ती. सख्ख्या भावाच्या हातचा अग्नी मिळेल तिला. मग सुतकही धरा आणि होडीही काढा. आणि नसेल जाळायची, तर पुतळ्यात ती कधी जळलीच नाही. मग होडी तिचीच आहे."

चुलीपाशी हरेश्वर उभा राहिला. वेणी त्याने जाळावर धरली. एक केस पेटला आणि तो उग्र वास अंगणात पसरला. त्याने हात झटकन मागे घेतला. कोयता जमिनीवर पडला.

"निमेश," तो वळून न बघता म्हणाला, "ओटी लागून पानी उतरायच्या आत होडी काढ."

निमेशने दंडाला टॉवेल गुंडाळला आणि होडी काढली. राधेने मोडक्या हातानेच खोल पाण्यात मडकं सोडलं. हरेश्वर किनाऱ्यापर्यंतही आला नाही.

पुढच्या वर्षी आलेल्या तापात तो गेला. शेवटच्या आठवड्यातसुद्धा त्याने सुनेच्या कपाळावर पेला फेकून मारला, तेव्हा तो बदलला असं कुणी म्हणू नये. त्याच्या हातात राहिलेली वेणी मात्र घरात सापडली नाही; त्याने तिचं काय केलं, कुणाला कळलं नाही. निमेश अजून होडी चालवतो. दंडावरच्या वणाबद्दल कुणी विचारलं तर, "आत्याआजीची आठवण," म्हणून हसतो. पार्ल्याच्या फ्लॅटची इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहिला. राधा मालाडला लेकीकडे असते. तिचं मनगट वाकडंच जुळलं. नातीची वेणी आता तिला घालता येत नाही, म्हणून ती मागे बसून फक्त सांगते, आणि नात आपली आपण घालते.