बिनलेसचे बूट

ड्रिलमास्तरांना शाळा सोडून बरीच वर्षं झाली होती, पण शाळेनं काही मास्तरांना सोडलं नव्हतं. चालायचे ताठ, बसायचे ताठ आणि खोटं बोलायचे तेही ताठ मानेनं. त्यांच्या बायकोला, म्हणजे मास्तरीणबाईंना, धास्ती होती ती नेमकी याचीच. उद्या सकाळी हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांकडे पहिल्यांदाच जायचं होतं. हा माणूस तिथं जाऊन 'मला काही होत नाही' असं ठणकावून सांगणार आणि घरी येऊन झोपणार, याची त्यांना पक्की खात्री होती. नेहमीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, दोनदा ऐकलं आणि गप्पच झाले होते. एरवी किती बडबड्या माणूस तो.

म्हणून दुपारी बाईंनी रंगीत तालीम घेतली. नाकावर चष्मा चढवून त्या खुर्चीत बसल्या आणि मास्तरांना पलंगाच्या कडेला बसवलं.

"धाप लागते का?"

"छे."

"छातीत दुखतं?"

"दुखतं ना. बायको चौकशीला बसली की दुखतं."

"अहो, डॉक्टरांसमोर असं बोलणार आहात का?"

"डॉक्टर तुझ्याएवढं उकरून विचारायचा नाही."

बाईंनी चष्मा काढला. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पण हे या गृहस्थाला कोण समजावणार? धुसफुसतच त्यांनी पिशवी भरली. जुने रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, पटकन बटणं काढता येतील असा शर्ट. मग बुटांची पाळी आली. तपासायला बूट काढून आडवं व्हावं लागणार, तेव्हा त्यांनी लेसचे बूट कपाटात टाकले आणि लेकीनं आणलेले बिनलेसचे बूट खोक्यातून बाहेर काढले.

मास्तरांचं एकदम बिनसलं. "हे नकोत."

"का? चावतात?"

"म्हाताऱ्यांचे आहेत."

"मग तुम्ही कोण, पाचवी ब?"

मास्तरांनी कुरकुरत ते बूट पायात चढवले.

उद्या ऐनवेळी शोधाशोध नको, म्हणून संध्याकाळी दोघं दवाखान्याचं दार कुठल्या अंगाला आहे ते बघायला निघाले. बाजार संपला की रस्ता चढाला लागतो. लाँड्रीपाशी मास्तरांची चाल मंदावली. सवयीनं ते खाली वाकले, एक गुडघा टेकला आणि हात बुटाकडे गेला. तिथं बांधायला काहीच नव्हतं. बोटं नुसतीच चामड्यावर फिरली आणि थांबली. मग त्यांनी घाईघाईनं नसलेली धूळ झटकली.

बाई बघतच राहिल्या. गेलं वर्षभर हेच चाललं होतं. बँकेच्या पायऱ्यांवर, लेकीच्या जिन्यात, भाजी घेऊन येताना, दर वेळी आपलं "हो पुढे, लेस सुटली." आणि त्या म्हणायच्या, जन्मभर पोरांना बूट बांधायला शिकवलंत आणि स्वतःची गाठ टिकत नाही. मास्तर खाली मान घालून हसायचे. त्या पुढे निघून जायच्या. लबाड मेला, त्यांच्या मनात आलं. वर्षभर हा माणूस रस्त्यात एकटा वाकून बसत होता, आणि आपण थट्टा करत होतो.

'सापडलात' हा शब्द जिभेवर आला होता. त्यांनी तो गिळला.

"थांबा हो जरा," त्या म्हणाल्या, "माझ्या चपलेचा पट्टा सैल झालाय."

लाँड्रीच्या बुटक्या कठड्यावर त्या बसल्या. मास्तरही शेजारी टेकले. बाईंनी पट्टा काढला, लावला, पुन्हा काढला. कानावर मास्तरांचा श्वास येत होता. त्यांनी मान वर केली नाही.

दम ओसरल्यावर मास्तर म्हणाले, "पट्टा धड आहे तुझा."

"तुमची लेसही धडच असायची."

आत कुणीतरी इस्त्री करत होतं. मास्तर समोर बघत राहिले. "तू पुढे निघून जायचीस ना, ते बरं वाटायचं. तुला दिसायचं नाही."

"आता नाही जाणार पुढे."

बाईंनी पर्समधून चष्मा काढून नाकावर चढवला. "धाप लागते का?"

मास्तरांनी बुटांकडे पाहिलं. "लागते."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. चढावर जास्त. छाती आवळल्यासारखी होते." ते थांबले. "भीती वाटते गं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य बाईंनी ऐकलं नव्हतं. त्यांनी मास्तरांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. लाँड्रीवाला बघत असेल तर बघू दे.

"उद्या असंच सांगाल?"

"तू शेजारी बसशील?"

"बसेन."

मास्तरांनी मान हलवली. मग डोळ्यांत पाणी असतानाच त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "आणि आत्ता काय म्हणतात डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणतात, अजून थोडं बसा," बाई म्हणाल्या. "दवाखाना उद्याही तिथंच असेल."