पांढरी राखलेली खुर्ची

पेपरात निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की आमच्या घरी थंडीची शुभेच्छाकार्डं रंगवायला सुरुवात व्हायची. नाताळ नाही, नवं वर्ष नाही, निफाड! हा आमच्या ह्यांचा, म्हणजे आल्हादचा, नियम. लोक विचारायचे, "नाशकात कुठं बर्फ पडतो हो, थंडीची कार्डं काढायला?" हे म्हणायचे, "धुकं पडतं ना, तेवढं पुरतं."

काम वाटून घेतलेलं. जिथं पांढरं राहायला हवं तिथं हे जुन्या टाकानं मास्किंगचं पाणी लावणार. उग्र वास त्याचा, वाळलं की रबर होतं. मग त्यावरून मी रंगाचा हात फिरवायचा, आणि रंग सुकला की बोटानं ते रबर चोळून काढायचं. खालून कोरा कागद निघतो. तोच बगळा, तेच धुकं. जलरंगात पांढरं नंतर आणता येत नाही, आधीच राखावं लागतं. मात्र ते रबर फार दिवस ठेवलं तर कागदालाच धरून बसतं. "आज लावलंत तर उद्या काढायचं," हे मी ह्यांना इतक्यांदा सुनावलंय, की शेजारच्या सिंधुबाईंनाही पाठ झालं असेल.

यंदा गणपती उठले आणि आठवड्याभरात हे गेले. पोटाचं दुखणं. मला अल्सर म्हणून सांगितलेलं.

काल निफाडची बातमी आली. मी पेपर उलटा करून ठेवला. पण माझी लेक तेजश्री पुण्याहून आलीय, तिनं ह्यांच्या टेबलाचा खण उघडला आणि कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. सगळ्यांवर मास्किंग लावलेलं. पिवळं पडून तपकिरी झालेलं. मी नखानं कोपरा उचलून पाहिला, हलेना.

"हे कधी लावलं ह्यांनी?"

"आषाढात."

"आषाढात? आषाढात उतरतो होय निफाडचा पारा?"

तेजश्रीनं गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या. मग म्हणाली, "आई, रिपोर्ट आले ना, तेव्हाच लावून ठेवली. अल्सर नव्हता तो. थंडीपर्यंत राहणार नाही, हे त्यांना कळलं होतं. तुला सांगायचं नाही म्हणाले."

असा संताप आला म्हणून सांगू! म्हणजे गणपतीत मी मोदकांना कळ्या पाडत बसलेले, पुढच्या वर्षी तळणीचे करू म्हणत होते, आणि हे बापलेक 'हो हो' म्हणत माना डोलावत होते. "मी काय काचेची होते का गं?" म्हटलं. ती रडायला लागली. मग मलाही आवरेना.

डोळे पुसले आणि रंग कालवला. ह्यांच्या हातचं हे शेवटचं. ते कागदातून निघायलाच हवं होतं मला, बाकी काही नको. पहिल्या कार्डावर सोमेश्वरचा धबधबा होता. रंग दिला, सुकू दिला, चोळलं. रबराबरोबर कागदाची साल निघून आली. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्यावर बगळ्याची मान गेली.

"आई, राहू दे ना. आहेत तशी ठेव," तेजश्री म्हणाली.

"तू गप्प बस. गप्प बसायची सवय आहेच तुला." बोलून गेले आणि लगेच वाईट वाटलं. तिचं तरी काय चुकलं? बापानं शब्द घेतलेला.

गठ्ठ्यात सगळ्यात खाली माझं कार्ड होतं. दर वर्षी एक खास माझ्यासाठी असायचं. आमची गंगापूर रोडची गॅलरी, सकाळचं ऊन, वेताच्या दोन खुर्च्या. "खुर्च्यांशिवाय दुसरं काही येतं का हो तुम्हाला?" असं मी दर वर्षी चिडवायची. रंग द्यायच्या आधी सहज रबरावरून बोट फिरवलं. खुर्चीची पाठ लागली, हात लागले, पाय लागले. शेजारी चाचपलं तर कागद सपाट. चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

खुर्ची एकच होती. माझी.

"वा! स्वतःला उठवून मोकळे झालात होय?" मी मोठ्यानं म्हणाले. तेजश्री दचकली.

मास्किंगच्या बाटलीत तळाशी थोडं पाणी उरलेलं. टाक मी जन्मात धरला नव्हता, ते खातं ह्यांचं. पण धरला, आणि शेजारी दुसरी खुर्ची काढली. वाकडी आली, एक पाय आखूड. वाळेपर्यंत तिथंच बसून राहिले. मग दोन्ही खुर्च्यांवरून सकाळचा फिका निळा फिरवला.

सुकल्यावर आधी ह्यांनी लावलेलं रबर चोळलं, अगदी हलक्या हातानं. निघेना. जरा जोर दिला तशी साल निघाली, आणि माझ्या खुर्चीची अख्खी पाठ फाटून हातात आली. मग मी काढलेली चोळली. रबर ताजं होतं. एका बोटासरशी निघालं आणि खाली खुर्ची स्वच्छ, पांढरीशुभ्र.

तेजश्रीनं कार्ड ह्यांच्या फोटोपाशी ठेवायला मागितलं. मी दिलं नाही. आज सकाळी दोन कप चहा घेऊन गॅलरीत गेले, कार्ड ह्यांच्या खुर्चीवर ठेवलं आणि शेजारी बसले. गार वारा सुटला होता, ऊन नुकतंच कठड्यावर आलेलं.

"अहो," म्हटलं, "तुमची बघा कशी नीट आली. माझीच फाटली हो."