सुगंधाचं गाऱ्हाणं

सुगंधाने पाण्याचा पेला अनंतच्या ओठांपाशी नेला आणि तसाच मागे घेतला.

"आधी म्हणा. पाणी."

अनंतने तोंड उघडलं. जीभ वळवळली, पण नुसती हवा बाहेर आली.

"आई, काय चाललंय तुझं? दे ना ते!" लेकीने, जान्हवीने, पेला हिसकावून घेतला आणि बाबांना पाणी पाजलं.

सुगंधाला स्वतःची लाज वाटली, पण ती तरी काय करणार? झटका येऊन अडीच महिने झाले होते. उजवा हात जरा हलू लागला होता, वाचा मात्र गेली ती गेलीच. मेंदूच्या डाव्या बाजूला, जिथे बोलणं जुळतं, नेमकं तिथेच रक्त पोचलं नव्हतं. पहिले तीन महिने महत्त्वाचे, असं स्पीच थेरपीच्या श्वेता मॅडम म्हणाल्या होत्या. तेव्हापासून सुगंधाचा कॅलेंडरवर राग होता. वर्षानुवर्षं पाठ असलेलं कधीकधी आपोआप येतं, असंही त्या म्हणाल्या होत्या.

अनंतला पाठ काय, तर गाऱ्हाणं. घाटकोपरच्या भटवाडीत गणपती कुणाच्याही घरचा असो, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला त्यालाच बोलावत. तो एकेक मागणं मागायचा आणि मागचे सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचे. बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. रीत गेली खड्ड्यात, असं म्हणून सुगंधाने देव्हाऱ्यासमोर नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! माज्या घोवाची वाचा गेली हा, ती परत दी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

खुर्चीतून अनंतचाच आवाज आला, अगदी पहिल्यासारखा खणखणीत. जान्हवी रडतच मॅडमना फोन लावायला आत पळाली. सुगंधा त्याच्या पायांशी बसली. तिला काय विचारू नि काय नको असं झालं.

"चाय करू?"

"व्हय म्हाराजा."

"मी कोण, सांगा बघया."

"व्हय म्हाराजा."

तिच्या तोंडावरचं हसू ओसरलं.

"तुमचा नाव काय?"

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकून तिच्याकडे बघू लागला.

आतून जान्हवी फोनवर आनंदाने ओरडून बोलत होती. सुगंधाने तिला थांबवलं नाही. अडीच महिने जे विचारायची भीती वाटत होती, ते तिने हळूच विचारलं.

"माका एकटी टाकून जातलात?"

"व्हय म्हाराजा," अनंत म्हणाला आणि डाव्या हाताने तिचं मनगट घट्ट धरून, नाही, नाही, अशी मान हलवत राहिला.