सीटखालचा नळ

"हात ठेव ऐरणीवर! ठेव म्हणतो ना!"

माझ्या नवऱ्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कडेवरची पोरगी दचकून गळ्याला बिलगली. मिस्त्री त्याच्याच पत्र्याच्या शेडमध्ये गुडघ्यांवर बसला होता. भुवई फुटली होती. रक्त गालावरच्या वंगणात मिसळून काळंच दिसत होतं. चार माणसं दाराशी उभी होती, पण उंबरा कुणी ओलांडत नव्हतं.

"मालक, पोराची शप्पथ, मी नाही नेला."

"पडवीतली ट्रकची किल्ली मग चालत गेली का रे?" भावजी ओरडले. "काल संध्याकाळी पाणी प्यायला कोण आलं होतं? तू की तुझा बाप?" आणि त्यांनी टायर काढायची टॉमी त्याच्या पाठीत घातली. हाड वाजलं. नांगरट चालली की ढेकूळ फुटतं ना, तसं.

गोल नाकाचा तो जुना ट्रक आमच्या दारात येऊन पंधरवडाही झाला नव्हता. नवरा त्याला 'म्हातारा' म्हणायचा. रोज फडक्यानं त्याचे दिवे पुसायचा, मग स्वतःचं तोंड धुवायचा. महामार्गावरचा हॉटेलवाला दोनदा येऊन गेला होता. त्याला म्हातारा हॉटेलच्या दारात शोभेला उभा करायचा होता. "दादा, देऊन टाक," भावजी मागे लागले होते. नवरा म्हणाला, "ओझं ओढायला आणलाय, फोटो काढायला नाही. परवा धान्य भरून पहिली खेप जाणार."

आणि आज सकाळी खळ्यावर नुसता तेलाचा डाग उरला होता.

"बोलतोस का बोटं फोडू?" नवऱ्यानं मिस्त्रीचं मनगट ऐरणीवर दाबलं. भावजींनी टॉमी उचलली.

"अहो, थांबा!"

"तू घरी जा. पोरीला घेऊन इथं कशाला आलीस?"

टॉमी खाली आली. मिस्त्री ओरडला नाही, नुसता श्वास आत ओढला. दोन बोटं भलतीकडेच वळली होती. पोरीनं किंकाळी फोडली. मी तिचं तोंड छातीशी धरलं, पण स्वतःचे डोळे मिटले नाहीत. मला ते जमतच नाही. पोर झाल्यापासून मी सगळीकडे बघत असते. विळा कुठे ठेवलाय, विहिरीवर झाकण आहे का, साप, विंचू, उकळतं पाणी. घरात सगळे हसतात मला.

म्हणून मला दिसलं. भावजी डाव्या हातानं मारत होते. उजव्याला टॉवेल गुंडाळला होता.

हे एक दिसलं आणि दुसरं आपोआप आठवलं. म्हाताऱ्याच्या टाकीतून पेट्रोल झिरपायचं. पोरगी त्याच्याखाली खेळते म्हणून मी डोकं खाल्लं होतं, तेव्हा मिस्त्रीनं टाकीच्या नळीला एक नळ बसवला. सीटच्या खाली, पोरीचा हात पुरणार नाही असा. गाडी उभी केली की तो बंद करायचा. "वहिनींना कॉलेजात भ्यायलाच शिकवलं वाटतं!" असं भावजी तेव्हा दारातूनच म्हणाले आणि निघून गेले. नळ कुठे बसवला ते बघायलाही थांबले नाहीत.

"अहो, ऐका. काल नळ बंद केला होता ना?"

"काय?"

"नळ! ट्रक मिस्त्रींनी नेला असता तर तो उघडून नेला असता. त्यांनीच बसवलाय. ज्याला माहीत नाही त्याच्याकडे नळीतलं तेवढंच पेट्रोल. कालव्याच्या चढावर म्हातारा बंद पडला असणार. आणि चढावर गाडी बंद पडली की माणसाला वाटतं, इंजिन तापलं. मग तो रेडिएटरचं झाकण उघडतो." मी श्वास घेतला. "भावजी, टॉवेल सोडा."

"वेड लागलंय हिला, दादा."

नवऱ्यानं टॉवेल हिसकला. तळहातापासून कोपरापर्यंत कातडी सुटून लोंबत होती. वाफ अशीच सोलते.

"दादा, हॉटेलवाला दुपारी ओढून न्यायला येणार होता... निम्मे पैसे तुलाच दिले असते रे..."

भावजींच्या हातून पडलेली टॉमी नवऱ्यानं उचलली. पहिला घाव खांद्यावर, दुसरा गुडघ्यावर. भावजी मिस्त्रीच्याच रक्तावर घसरून पडले. तिसरा डोक्यावर गेला असता. मिस्त्रीनं धडक्या हातानं नवऱ्याचा पाय धरला.

"पुरे, मालक. माझ्या शेडमध्ये नको."

म्हातारा चढावरच उभा होता, झाकण चाकाजवळ पडलेलं. दाराशी उभ्या माणसांनी दोघांना तिथवर उचलून आणलं आणि मागे घातलं. मी पोरीला घेऊन पुढे बसले. नवरा स्टार्टर मारत राहिला, मारतच राहिला. मागून मिस्त्रीचा आवाज आला, "वहिनी, नळ." मी सीटखाली हात घातला आणि नळ उघडला.

पहिली खेप ती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रीची बोटं पाहिली, मग भावजींचा गुडघा. "काय झालं?"

"ट्रकखाली आले," नवरा म्हणाला.

"दोघंही?"

मिस्त्री भिंतीकडे बघत होता. भावजी कण्हत होते.

"चालवत कोण होतं?"

पोरगी नवऱ्याच्या शर्टावरच्या डागाकडे बघत होती. मी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"माझा नवरा," मी म्हणाले. "आणि ट्रक जागचा हललाही नव्हता."