आलाओ बेटावरची हिरवी होडी

समुद्रकाठच्या आचाओ गावावर सकाळपासून धुकं उतरलं होतं. समोरचं चर्चसुद्धा दिसेनासं झालं होतं. एदेलमिरा चुलीजवळ लोकर कातत बसली होती, तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. ऑनलाइन लिलाव संपला होता आणि होडी तिची झाली होती.

दोन वल्ह्यांची, सायप्रेस झाडाच्या फळ्यांची छोटीशी हिरवी होडी. एदेलमिराचा जन्म एका लहान बेटावरचा. लहानपणी ती स्वतः वल्हवत शाळेत जायची. मग लग्न होऊन आचाओत आली, शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागली आणि हाताला वल्हं लागलंच नाही. निवृत्त झाल्यापासून मात्र पहाटेच्या झोपेत तिला घर पाण्यावर असल्यासारखं वाटायचं. पलंग हलकेच डुलायचा आणि ती डोळे न उघडता तशीच पडून राहायची.

लिलावाच्या ॲपचा नियम साधा होता. घेणाऱ्यानं ‘माल मिळाला’ हे बटण दाबलं की मगच विकणाऱ्याच्या हातात पैसे पडायचे. दुपारी विकणाऱ्याचा निरोप आला. आलाओ बेटावरचा कुणी रोसामेल रेमोल्कोय. ‘बाई, एक विनंती आहे. माल मिळाला असं आजच दाबून टाका. होडी मी मागाहून देतो.’

एदेलमिराची धाकटी बहीण नोल्फा शेजारीच राहायची. ती मिल्काओ, म्हणजे बटाट्याच्या गरम भाकऱ्या, घेऊन आली आणि उभ्या उभ्याच तिनं निरोप वाचला.

“ताई, हा तुला टोपी घालतोय. सरळ तक्रार कर.”

“म्हातारा माणूस दिसतोय गं फोटोत.”

“मग? म्हाताऱ्यांना तर जास्त सराव असतो.”

एदेलमिरा हसली, पण मन खट्टू झालं. तिनं उत्तर पाठवलं, ‘होडी हातात आल्याशिवाय मी बटण दाबणार नाही.’ थोड्या वेळानं फोन वाजला. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता आणि त्यातून एक घोगरा, सावकाश आवाज.

“बाई, रागावलात का?”

“रागावले नाही, काका. पण न मिळालेल्या वस्तूला मिळाली कसं म्हणू?”

तो म्हणाला, “खरं सांगतो. ही होडी मी याआधीही विकलीय. पैसे अडकलेलेच असतात, तोवर माझं मन फिरतं आणि मी सौदा मोडतो. लोक शिव्या घालतात, बरोबरच आहे. एकदा पैसे हातात पडले ना, की मला मागे फिरता येणार नाही. म्हणून म्हटलं.”

“मग विकताच कशाला?”

“गुडघे वाकत नाहीत आता. मी चढू शकत नाही तिच्यात. नुसती किनाऱ्यावर सुकतेय. लाकूड सुकलं की फुटतं, बाई.”

नोल्फा खुणेनं ‘फोन ठेव, ठेव’ म्हणत होती. एदेलमिरानं तिच्याकडे पाठ फिरवली.

“काका, खोटं मी दाबणार नाही. पण तुमचं मन फिरायच्या आत मीच येते. उद्याच्या लाँचनं.”

“या,” तो म्हणाला. “मी तिला पाण्यात सोडून ठेवतो. फळ्या फुगून फटी बुजायला हव्यात.”

दुसऱ्या दिवशीही धुकं होतंच. लाँच त्यातून इतकी हळू चालली होती की चालतेय की थांबलीय, हे कळत नव्हतं. मधूनच एखादं बेट आठवल्यासारखं वर यायचं, चार झाडं आणि एक कुंपण दाखवायचं आणि पुन्हा विरून जायचं. एदेलमिराला डुलकी लागली. जाग आली तेव्हा आलाओचा धक्का समोर होता.

रोसामेल काठी टेकून उभा होता. उंच, वाकलेला, डोक्यावर लोकरीची टोपी. मोकळ्या हाताला दोर गुंडाळलेला आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला होडी, एखादी गाय चरायला आणावी तशी.

“एकट्याच आलात?”

“बहीण म्हणाली, तुम्ही मला लुटणार. तिला भीती वाटली.”

“अन् तुम्हाला?”

“मला होडी हवी होती.”

त्यानं मान हलवली, पण दोर काही सोडला नाही. एदेलमिराला वाटलं, आता याचं मन पुन्हा फिरणार. ती काही न बोलता गमबूट घालून पाण्यात उतरली, होडीत बसली आणि वल्ही हातात घेतली. किती वर्षांनी. पहिल्या दोन फटक्यांना होडी गरकन वळली.

“डावीकडे ओढते ती,” तो किनाऱ्यावरून म्हणाला. “पहिल्यापासूनच. तिच्याशी भांडू नका, उजवं जरा सैल धरा.”

तिनं उजवं सैल धरलं. होडी सरळ झाली. दोर हळूहळू त्याच्या हातातून सरकत गेला आणि ती आणखी पुढे गेली. आता तिला किनारा दिसत नव्हता, म्हातारा दिसत नव्हता. सगळीकडे पांढरं. वर पांढरं, खाली करडं आणि मध्ये वल्ह्यांवरून गळणाऱ्या पाण्याचा आवाज. आपलं वय काय, हेही तिला क्षणभर आठवेना.

“बाई, बरं चाललंय ना?” धुक्यातून आवाज आला.

“फार बरं चाललंय, काका.”

मग दोर एकाएकी हलका झाला. तिनं ओढून पाहिला तर टोक मोकळं होतं, भिजलेलं. त्यानं सोडून दिला होता.

ती परत धक्क्याला लागली तेव्हा रोसामेल तिथे नव्हता. तिकिटं फाडणाऱ्या बाईनं सांगितलं, तो घरी गेला, दोर तुमच्याकडेच राहू द्या म्हणाला. एदेलमिरानं ओले हात स्वेटरला पुसले, फोन काढला आणि बटण दाबलं.

परतीच्या लाँचमागे खलाशांनी होडी बांधून दिली. एदेलमिरा आत गेलीच नाही, मागच्या फळीवर शाल लपेटून बसली. हिरवी होडी कधी धुक्यात बुडायची, कधी वर यायची, आणि दर वेळी थोडी डावीकडे झुकलेली असायची. पाहता पाहता एदेलमिराच्या पापण्या जड झाल्या.